उंबऱ्यापासून उशापर्यंत

गेल्या श्रावणात आमच्या घरी एक महत्त्वाची सभा भरली. सभेपुढे विषय एकच होता : मोतीने झोपावे कोठे?

मोती म्हणजे आमचा कुत्रा. वय वर्षे तेरा. जात विचाराल तर निव्वळ गावठी. तरुणपणी तो घरभर मिळेल तेथे झोपत असे. पण यंदाच्या पावसात त्याच्या मागच्या पायांनी कुरकुर सुरू केली. थंड लादीवरून उठताना तो कण्हू लागला, आणि त्याच्या कोपरांवर घट्टे पडलेले दिसले. सूनबाईंनी तत्परतेने दुकानातून एक गुबगुबीत, गोल गादी आणली. तिची किंमत ऐकून मी माझ्या स्वतःच्या कापसाच्या गादीकडे जरा नव्या नजरेने पाहिले! मोतीने ती गादी हुंगली, तिच्याभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या आणि शेजारच्या पायपुसण्यावर अंग टाकले.

मग वादाला तोंड फुटले. चिरंजीव म्हणाले, गॅलरीत ठेवू. सूनबाई म्हणाल्या, बाहेरच्या खोलीत. आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे, कोठेही ठेवा, पण स्वयंपाकघराच्या अलीकडे. नात तर त्याला आपल्या पलंगावर घ्यायला निघाली होती. अखेर तिनेच माझ्याकडे मोर्चा वळवला. "आजोबा, तुम्ही शाळेत इतिहास शिकवायचात ना? मग सांगा बघू, पूर्वीच्या काळी कुत्रे कुठे झोपायचे?"

तीस वर्षे मी मुलांना लढाया आणि तह शिकवले. हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता, आणि खरे सांगायचे तर मलाही कधी सुचला नव्हता. चष्मा पुसला, कपाटातली पुस्तके काढली आणि शोधाला लागलो. त्या शोधात जे हाती लागले, ते दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांपुढे ठेवीत आहे.

सुरुवात फार मागून करावी लागते. जर्मनीत बॉन शहराजवळ ओबरकॅसल नावाचे ठिकाण आहे. तेथे १९१४ साली दगडाच्या खाणीत एक पुरुष आणि एक स्त्री यांचे सांगाडे सापडले. त्यांच्याबरोबर एका कुत्र्याचीही हाडे होती. काळ सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीचा. त्या वेळी माणूस शेती करीत नव्हता, गाय पाळीत नव्हता. पण कुत्रा मात्र त्याच्याबरोबर होता. हे कुत्रे म्हणजे जेमतेम सात महिन्यांचे पिल्लू. त्याच्या दातांची तपासणी करून संशोधकांनी २०१८ साली असे मांडले की, त्याला डिस्टेंपर हा कुत्र्यांचा घातक आजार झाला होता आणि त्यातून ते काही आठवडे तगले होते. कोणी त्याला ऊब दिल्यावाचून, पाणी पाजल्यावाचून आणि स्वच्छ ठेवल्यावाचून ते तगणे शक्य नव्हते. आजारी पिल्लू शिकारीच्या काय उपयोगाचे? तरीही त्या शिकारी माणसांपैकी कोणीतरी त्याच्यासाठी रात्री जागले असले पाहिजे.

इस्राएलच्या उत्तरेस ऐन मल्लाहा येथे सुमारे बारा हजार वर्षांपूर्वीचे एक दफन सापडले आहे. त्यातल्या माणसाचा हात एका पिल्लाच्या अंगावर ठेवलेला आहे. इतके दूर तरी कशाला जा? आपल्या काश्मिरात श्रीनगरजवळ बुर्झहोम येथे जमिनीत खड्डे खणून त्यांत राहणाऱ्या नवाश्मयुगीन लोकांची वस्ती उजेडात आली. तेथेही माणसांबरोबर कुत्रे पुरलेले आढळले. ह्या लोकांचे कुत्रे जिवंतपणी कोठे झोपत, हे लिहून ठेवणारे तेव्हा कोणी नव्हते. पण अखेरच्या झोपेतही ज्याला जवळ घ्यावेसे वाटले, तो रोजच्या झोपेत फार दूर नसावा, असे माझे मन मला सांगते.

लिखित काळात आल्यावर आपल्याला ऋग्वेदाचाच उंबरा लागतो. सातव्या मंडलात, पंचावन्नाव्या सूक्तात, सरमेच्या कुळातल्या कुत्र्याला उद्देशून काही ऋचा आहेत. चोरावर भुंक, आमच्यावर कशाला भुंकतोस, आता झोपी जा, असा त्यांचा आशय. पुढे घरातल्या माणसांना झोप लागो, अशी इच्छा केली आहे. आणि त्या यादीत आईबापांच्या जोडीने कुत्राही आहे. घर झोपले असे म्हणायचे, तर कुत्राही झोपला पाहिजे, ही समजूत इतकी जुनी आहे.

महाभारतात तर हा प्रश्न आरंभी आणि अखेरी, दोन्हीकडे उभा आहे. आदिपर्वात जनमेजयाचे सत्र चालले असता तेथे एक कुत्रा येतो. जनमेजयाचे भाऊ त्याला मारून हाकलतात. त्याने हविर्द्रव्याला तोंडही लावलेले नसते. त्याची आई सरमा राजाला जाब विचारते, आणि निरपराध्याला मारले म्हणून शाप देते. महाप्रस्थानिक पर्वात पुन्हा एक कुत्रा येतो. ह्या वेळी दार स्वर्गाचे आहे आणि त्याला बाहेर ठेवा असे सांगणारा प्रत्यक्ष इंद्र आहे. युधिष्ठिर म्हणतो, मग मलाही आत यायचे नाही. कुत्र्याला दाराबाहेर हाकलण्यापासून कथेला सुरुवात होते आणि त्याच्यासाठी स्वतः दाराबाहेर थांबण्यापाशी ती जवळजवळ संपते. मधल्या लाखभर श्लोकांत माणूस काय शिकला, याचे हेही एक मोजमाप मानावयास हरकत नाही.

आपल्या पूर्वजांनी कुत्र्याच्या झोपेचे निरीक्षणही चांगले केले होते. विद्यार्थ्याची झोप कशी असावी, तर श्वाननिद्रा! ह्या शब्दावरून आम्ही मास्तर मंडळींनी पिढ्यान्‌पिढ्या मुलांना पहाटे उठवले. पण त्यातले मर्म असे की, कुत्रा झोपला तरी त्याचे कान झोपत नाहीत. तो आपल्या माणसांची चाहूल ऐकत झोपतो. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे ती उपयोगी पडणार आहे.

कुत्र्याच्या अंथरुणाविषयी स्पष्ट सल्ला देणारा जो जुना लेखक मला भेटला, तो आपल्या परिचयाचाच निघाला. शिकंदराच्या स्वारीची हकीगत आणि हिंदुस्थानचे वर्णन लिहिणारा ग्रीक ग्रंथकार एरियन. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात तो रोमन साम्राज्यात मोठ्या हुद्द्यावर होता, आणि फावल्या वेळी शिकारी कुत्र्यांवर पुस्तक लिहीत होता. त्यात आपल्या हॉर्मी नावाच्या कुत्रीचे वर्णन करताना तो इतका हळवा होतो की, हाच का तो सेनापती, असे वाटावे. तो म्हणतो की, कुत्र्याला मऊ आणि उबदार बिछाना हवाच. पण सर्वांत उत्तम म्हणजे त्याने माणसाजवळ झोपावे. त्याने कुत्र्याची माया वाढते, आणि रात्री त्याला तहान लागली किंवा काही दुखलेखुपले, तर ते कळणारे कोणी जवळ असते.

त्याच साम्राज्यातली दुसरी एक रात्र मात्र आठवू नये अशी आहे. इसवी सन ७९ मध्ये व्हेसूव्हियस पर्वताचा स्फोट होऊन पाँपेई नगर राखेखाली गाडले गेले. तेथे घराच्या दाराशी साखळीने बांधलेला एक कुत्रा होता. त्याचे शरीर नष्ट होऊन राखेत जी पोकळी उरली होती, तिच्यात १८७४ साली प्लास्टर ओतून त्याचा ठसा काढण्यात आला. पाय वर झालेले, मान पिळवटलेली, गळ्यात पट्टा. त्याची जागा दाराशी, म्हणून तो तेथेच राहिला. त्या गोंधळात तो भुंकला असेल, ओरडला असेल. साखळी सोडायला कोणी आले नाही.

मध्ययुगात फ्रान्सच्या दक्षिणेस फ्वा नावाच्या परगण्याचा सरदार होता गास्तों फेब्यूस. त्याने १३८७ साली शिकारीवर एक ग्रंथ सांगावयास घेतला. त्याच्या नकला पुढे सुंदर चित्रांनी सजल्या, आणि पंधराव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात त्याचे भाषांतरही झाले. कुत्र्यांचे घर कसे असावे, हे त्यात एखाद्या चोख ओव्हरसियरच्या थाटात दिले आहे. कुत्रे पुष्कळ असतील तर घर दहा वाव लांब, पाच वाव रुंद असावे. एक दार पुढे, एक मागे. मागच्या बाजूस दिवसभर ऊन लागेल असे हिरवे अंगण. झोपावयास लाकडी फळ्या, त्याही जमिनीपासून फूटभर उंच. वर माळा, म्हणजे उन्हाळ्यात गारवा आणि थंडीत ऊब. पेंढा रोज नवा. पावसात भिजून आलेल्या कुत्र्यांसाठी शेकोटीची जागा. आणि कुत्र्यांनी रात्री आपसांत भांडू नये म्हणून एका पोऱ्याने त्यांच्याबरोबर तेथेच झोपावे. सहाशे वर्षे लोटली, पण ह्या यादीत आज वजा करावे असे काही मला दिसत नाही. त्या पोऱ्याला मात्र निराळा पेंढा मिळत होता की नाही, ते ग्रंथात नाही.

यानंतर आली ऐषआरामाची शतके. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात क्लोद सेने ह्या फ्रेंच कारागिराने १७७५ ते १७८० च्या सुमारास घडवलेले कुत्र्याचे एक घर आहे. लाकडावर सोनेरी मुलामा, रेशीम आणि मखमल. एखाद्या लहानशा मखरासारखे. त्याच १७७५ साली फ्रान्सात भाकरी महागली म्हणून दंगली झाल्या होत्या. त्या मखरात कुत्रा सुखाने झोपत असे, की आमच्या मोतीप्रमाणे हुंगून शेजारच्या गालिच्यावर पसरत असे, कोण जाणे! सोनेरी मुलामा कुत्र्याला दिसत नाही. तो पाहुण्यांसाठी असतो.

पण सगळ्याच राजेलोकांना एका मापाने मोजू नये. प्रशियाचा राजा फ्रेडरिक, ज्याने युरोपला दोन युद्धांत थरथर कापायला लावले, त्याच्या लाडक्या कुत्र्या त्याच्या बिछान्यात झोपत. पॉट्सडॅमच्या सां-सूसी राजवाड्याच्या गच्चीवर त्याने त्यांना पुरले, आणि मलाही येथेच त्यांच्याजवळ पुरा, असे लिहून ठेवले. १७ ऑगस्ट १७८६ रोजी तो वारला. पुढच्या राजाला ही इच्छा शोभेशी वाटली नाही. त्याने काकांना चर्चमध्ये बापाच्या शेजारी ठेवले. ह्या बापाशी फ्रेडरिकचे जन्मभर पटले नव्हते! अखेर १७ ऑगस्ट १९९१ रोजी, बरोबर २०५ वर्षांनी, त्याला गच्चीवर आपल्या कुत्र्यांशेजारी जागा मिळाली.

आता आपल्या मुंबईकडे येऊ. पारशी धर्मग्रंथ वेंदिदाद ह्यात कुत्र्यांवर स्वतंत्र प्रकरण आहे. कुत्र्याला वाईट अन्न देणे हा त्यात अपराध मानला आहे, आणि दाराशी आलेल्या गाभण कुत्रीचा सांभाळ करणे हे त्या घराचे कर्तव्य सांगितले आहे. १८३२ साली मुंबई सरकारने मोकाट कुत्रे मारण्याचा हुकूम अंमलात आणला, तेव्हा पारशी समाज खवळला. ६ आणि ७ जूनला दुकाने बंद पडली, रस्त्यांवर दंगा झाला, सैन्य बोलवावे लागले. ज्या कुत्र्याला स्वतःचे घर नाही, त्यालाही निर्धास्त झोपण्याचा काही हक्क आहे, ह्यासाठी ह्या शहराने एकदा आपला व्यापार थांबवला होता. रस्त्यावरच्या कुत्र्यांचा प्रश्न अजून सुटलेला नाही, आणि तो सोपाही नाही. पण तो कालचा आहे असे समजणाऱ्यांनी ही तारीख ध्यानात ठेवावी.

येथवर नातीला सांगून झाले. ती म्हणाली, "आणि आपल्या घरी, आजोबा? तुमच्या लहानपणी?"

हे मी पुस्तकांतून काढलेले नाही. आणि ते सांगावे की नाही, ह्यावर मी दोन दिवस विचार केला.

आमचे घर कोकणात. पुढे अंगण, मग पडवी, मग ओटी, मग माजघर. घरातल्या प्रत्येकाची पायरी ठरलेली होती. काळू नावाचा आमचा कुत्रा, त्याची हद्द अंगण. दिवसा कोणाचे लक्ष नसले की तो न्हाणीघराच्या चुलाण्याशी कोमट राखेत जाऊन वेटोळे घाली. रात्री मात्र पडवीचे दार लागायचे आणि तो बाहेर. आजीचे सोवळे कडक होते. तिला कुत्र्याचा राग नव्हता; पहिली भाकरी ती त्यालाच घाली. पण ज्याची जागा त्याने सोडू नये, हा तिचा धर्म होता. चातुर्मासात पुराणिकबुवा धर्मराजाच्या कुत्र्याची कथा सांगत, तेव्हा आजी दर वर्षी पदराने डोळे पुशी.

मी नऊ वर्षांचा असेन. भाद्रपदातली रात्र, पाऊस कोसळत होता. मध्यरात्री काळू दाराशी येऊन नखांनी खरवडू लागला. भुंकत नव्हता, नुसता कुंईकुंई करीत होता. मी जागा झालो. शेजारी आजीही जागी होती. कंदिलाच्या मिणमिण उजेडात तिचे उघडे डोळे मला दिसले. मी म्हटले, "आजी, काळूला आत घेऊ या गं." ती म्हणाली, "नीज. पावसाला भ्यालाय तो. सकाळी बघू." थोड्या वेळाने खरवडणे थांबले. पाठोपाठ एकच किंकाळी आली, आणि मग पुन्हा नुसता पाऊस.

सकाळी अंगणातल्या चिखलात बिबट्याचे पंजे उमटले होते. काळू पावसाला भ्याला नव्हता.

आजी त्या दिवशी जेवली नाही. कोणी तिला काही बोलले नाही, तीही बोलली नाही. पुढे चैत्रात गड्याने एक तांबडे पिल्लू आणले. संध्याकाळी दारे लावायची वेळ झाली, तेव्हा आजी उठली. तिच्या जुन्या नऊवारी लुगड्यांची एक वाकळ होती, तिची स्वतःची, पांघरायची. ती तिने घडी करून पडवीत, आतल्या बाजूस, भिंतीला लागून घातली. पावसाचा ओल पोचू नये म्हणून खाली पाट ठेवला. पिल्लाला उचलून त्यावर ठेवले आणि दार लावले. मग आपले अंथरूण माजघरातून ओटीवर आणले. आई म्हणाली, "सासूबाई, इथे वारा लागेल." आजी एवढेच म्हणाली, "इथून ऐकू येतं."

वाचकहो, फेब्यूसच्या ग्रंथातली ती फूटभर उंच फळी आणि आजीचा पाट ह्यांत मला आज काही फरक दिसत नाही. आणि एरियनने जे लिहिले, तेच ती, अक्षरओळख नसलेली बाई, तीन शब्दांत बोलून गेली.

इतिहास चाळून मी जे शिकलो, ते सभेपुढे मांडले. कुत्र्याची जागा कोरडी असावी, वाऱ्याच्या झोतात नसावी, थंडीपावसात लादीपासून थोडी उंच असावी. अंथरुणाचे माप तो वेटोळे घालून झोपला असता घेऊ नये, पाय ताणून पसरला असता घ्यावे. म्हाताऱ्या कुत्र्याला जाड आणि जराशी घट्ट गादी हवी; फार मऊ गादीत तो रुततो आणि उठता उठत नाही. काठ उंच नसावा, नाहीतर पाय अडखळतात. खोळ धुता येण्याजोगी असावी. उन्हाळ्यात त्याने गादी सोडून लादी पसंत केली तर त्याला शहाणा समजावे. आणि ह्या सगळ्याच्या आधी एक प्रश्न विचारावा : रात्री त्याने हाक दिली, तर ती कोणाला ऐकू येईल?

गॅलरी त्या प्रश्नावरच बाद झाली. नातीचा पलंग उंच, मोतीला उडी झेपत नाही, म्हणून तोही गेला. सूनबाईंची गोल गादी उसवून आतला कापूस एका लांबट खोळीत घट्ट भरला, त्यावर जुन्या साड्यांची गोधडी घातली, आणि ते अंथरूण माझ्या पलंगाच्या उजव्या अंगाला आले. सौभाग्यवतींनी त्या बाजूचा पंखा मंद केला. मोती आला. त्याने हुंगले, दोन प्रदक्षिणा घातल्या. सगळ्यांनी श्वास रोखून धरला. तो सावकाश खाली बसला आणि त्याने हनुवटी गोधडीवर टेकली.

आता दिवाळी आली. नेपाळात नरक चतुर्दशीला कुत्र्यांची पूजा करतात. त्यांच्या गळ्यात झेंडूच्या माळा घालतात, कपाळी टिळा लावतात, गोडधोड खाऊ घालतात. आपल्याकडे त्याच पहाटे फटाके वाजू लागतात आणि घरोघरचे कुत्रे पलंगाखाली शिरतात. माळ घाला न घाला. पण तेवढ्या चार रात्री खिडक्या लावून, आतल्या खोलीत, त्याच्या ओळखीच्या गोधडीवर त्याला जागा द्या. आणि कोणीतरी जवळ बसा.

हे लिहीत असताना मोती माझ्या पायाशी झोपला आहे. स्वप्नात कुठेतरी धावत असावा, पंजे हलताहेत. मध्येच त्याने कान टवकारला, मी आहे ना याची खात्री करून घेतली, आणि पुन्हा डोळे मिटले. मीही रात्री अधूनमधून जागा होतो. अंधारात कान देतो. त्याचा श्वास ऐकू आला की कूस बदलून झोपतो.